डान्टेवर मधेच 'टिक', आणि टॅबलेटवरून मिक्सर सुटतो: कारण एक की दोन?

पॅचबे
नमस्कार मंडळी. मांडणी अशी: ३२ चॅनेलचा डान्टे (नेटवर्क केबलवरून आवाज नेणारी पद्धत) मिक्सर, लाइव्ह रूममध्ये १६ चॅनेलचा स्टेजबॉक्स (माइक जोडायचा डबा), रेकॉर्डिंगच्या पीसीत डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड (पीसीला डान्टेशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि बूथमधल्या हेडफोनसाठी एईएस६७ वर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना नेटवर्कवरून आवाज देता-घेता यावा म्हणूनचं मानक) चालणारा वेगळ्या कंपनीचा डबा. सगळं ४८ किलोहर्ट्झ. मधे १६ पोर्टचा मॅनेज्ड गिगाबिट स्विच. वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंटही त्यालाच लावलाय, कारण मिक्सर टॅबलेटवरून चालवायचा असतो.

तक्रारी दोन. रेकॉर्डिंगमध्ये दर काही मिनिटांनी 'टिक' येतं. आणि हेडफोनच्या डब्याकडे ८ चॅनेल पाठवायला लागलो की टॅबलेट मिक्सरपासून तुटतो. पाठवणं थांबवलं की आपोआप जुळतो. स्विचवरचा ट्रॅफिक ७ टक्क्यांच्या वर जात नाही. दुकानदार १० गिगाबिटचा स्विच घ्या म्हणतोय.

तांब्याची_तार
दुकानदाराला लांबूनच नमस्कार करा. डान्टेचा चार चॅनेलचा एक फ्लो (आवाजाचा प्रवाह) साधारण ६ मेगाबिट घेतो. ३२ चॅनेल म्हणजे आठ फ्लो, जेमतेम ५० मेगाबिट. रस्ता रुंदच आहे. पॅकेट वेळेवर पोचतं का, हा प्रश्न आहे.

आधी 'टिक' कुठे आहे ते ठरवा. तोच स्टेजबॉक्सचा आवाज मिक्सरच्या हेडफोनवर थेट ऐका. तिथे स्वच्छ आणि फक्त पीसीच्या रेकॉर्डिंगमध्ये टिक असेल, तर दोष पीसीत. दोन्हीकडे असेल तर क्लॉक (सगळ्या उपकरणांना एका तालात ठेवणारं घड्याळ) किंवा स्विच.

पीसीत असेल तर: नेटवर्क कार्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट आणि ग्रीन इथरनेट या वीज वाचवणाऱ्या सोयी दोन्ही बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, आणि व्हर्च्युअल साउंडकार्डची लेटन्सी (आवाजाला दिलेला उशीर) ४ वरून १० मिलिसेकंदांवर न्या. १० वर टिक गेलं तर पीसीच दमतोय असं समजा.

स्विचवरही प्रत्येक पोर्टचं एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद हवं. ही सोय काम नसलं की लिंकला डुलकी घेऊ देते. जागं व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात. फाइल कॉपी करताना ते कळणारही नाही, पण पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) क्लॉकची सगळी शिस्त मायक्रोसेकंदांवरच उभी असते.

मग क्यूओएस, म्हणजे कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणं. स्विचने डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) मानायला हवं. बरेच स्विच मुळात ८०२.१पी (प्राधान्याची दुसरी खूण) मानायला लावलेले येतात. ५६ म्हणजे क्लॉक, ते सगळ्यात वरच्या रांगेत. ४६ म्हणजे ऑडिओ, त्याच्या खालच्या. ८ त्याहून खाली, बाकी सगळं तळाला. रांगा स्ट्रिक्ट प्रायॉरिटीवर ठेवा. ५६ आणि ४६ एकाच रांगेत पडलेत का, ते तक्ता उघडून बघा.

मंद्र_षड्ज
टॅबलेटचं दुखणं वेगळं आहे, आणि सोपं आहे. डान्टे उपकरण एईएस६७ फ्लो फक्त मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना) पाठवतं. ८ चॅनेल × ४८,००० × २४ बिट म्हणजे ९.२ मेगाबिट, हेडर धरून १० च्या आसपास. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टकडे सोडण्याची स्विचची सोय) नसेल तर स्विच हा फ्लो प्रत्येक पोर्टवर ओततो, अ‍ॅक्सेस पॉइंटच्याही. आणि वायफाय मल्टिकास्ट पाठवतं सगळ्यात हळू ठरलेल्या वेगाने, कित्येकदा ६ किंवा चक्क १ मेगाबिटने! एवढ्याशा नळीत १० मेगाबिट कोंबल्यावर टॅबलेटला हवा कुठून मिळणार?

स्नूपिंग चालू करा. मिक्सरला कंट्रोलसाठी वेगळा पोर्ट असेल तर त्याहून उत्तम: तो पोर्ट आणि अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचमधल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) टाका. ऑडिओ तिकडे जाणारच नाही.

पॅचबे
टिक फक्त पीसीवर होतं. एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केल्यावर गेलं. स्नूपिंगही चालू केलं, टॅबलेट सुरळीत. पण आता नवीनच: चार-साडेचार मिनिटं सगळं छान, मग हेडफोन गप्प, आणि डान्टे कंट्रोलरच्या क्लॉक स्टेटसमध्ये दोन-दोन लीडर (बाकीच्यांना वेळ देणारं उपकरण). गंमत म्हणजे उपकरणांची नावं सगळी दिसतात.

मंद्र_षड्ज
क्वेरियर लावायचा राहिलाय. स्नूपिंग करणारा स्विच 'हा मल्टिकास्ट कोणाला हवाय' याची यादी ठेवतो. क्वेरियर दर १२५ सेकंदांनी विचारतो, उपकरणं हात वर करतात, यादी ताजी राहते. विचारणाराच नसेल तर २६० सेकंदांनी नावं कापली जातात. तुमची चार-साडेचार मिनिटं हीच.

क्लॉकही त्यातच अडकतो, कारण पीटीपीचा पत्ता २२४.०.१.१२९. तो यादीतून गेला की प्रत्येकाला वाटतं लीडर मेला, आता मीच. नावं दिसतात कारण ती २२४.०.०.२५१ वरून येतात, आणि २२४.०.०.x ला स्विच सहसा अडवत नाही. नावं दिसतात म्हणजे नेटवर्क ठीक, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा.

ऑडिओच्या व्हीलॅनला आयपी पत्ता द्या आणि स्विचमध्येच क्वेरियर चालू करा. एकच हवा.

तांब्याची_तार
त्यात भर. प्रेफर्ड लीडरची खूण मिक्सरवर करा, बाकी सगळीकडून काढा. व्हर्च्युअल साउंडकार्ड लीडर होऊ शकत नाही, त्यामुळे हार्डवेअर बंद आणि पीसी चालू असा प्रयोग नको. हेडफोनच्या डब्यात पीटीपी आवृत्ती २ ची प्रायॉरिटी १ बघा: लहान आकडा जिंकतो, म्हणून तिथे मिक्सरपेक्षा मोठा आकडा द्या. 'फक्त फॉलोअर' असा पर्याय असेल तर तोच निवडा.

केबलही तपासा. स्वस्त कॅट ६ मध्ये पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरं निघालं तर भिंतीत घालू नका.

पॅचबे
क्वेरियर लावला, लीडर एकच दिसतोय, तासभर हेडफोन चालू. शेवटचं: मिक्सर आणि स्टेजबॉक्स दोन्हींना सेकंडरी पोर्ट आहेत. तेही याच स्विचला लावले तर केबल तुटल्यावर उपयोग होईल?

मंद्र_षड्ज
नाही, मुळीच लावू नका. उपकरण स्विच्ड मोडमध्ये (दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कचे) असेल तर दोन केबलनी लूप तयार होतो आणि सगळं नेटवर्क आडवं. रिडंडंट मोडमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी ही दोन स्वतंत्र नेटवर्क असतात; प्रायमरी आपोआप १६९.२५४ चे पत्ते घेतं, सेकंडरी १७२.३१ चे. ती एकत्र झाली की आज मिटवलेला गोंधळ परत. दुसरा स्विच घ्या, पाच पोर्टचाही चालेल, फक्त गिगाबिट हवा आणि एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद करता यायला हवं. त्याला वेगळा वीजपुरवठा द्या, नाहीतर एकाच प्लगवर दोन्ही स्विच गेले तर रिडंडन्सी कसली.

आणि राउटरवरून डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते) देत असाल तर स्विच आणि राउटर यूपीएसवर ठेवा. लाइट जाऊन आली की स्टेजबॉक्स राउटरच्या आधी उठतो, १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो, आणि बाकीचे १९२.१६८ वर. तसं झालंच तर राउटर वर आल्यानंतर स्टेजबॉक्स बंद-चालू करा.