मदत हवी आहे: लंडनच्या 'नीनो'मधले बदललेले शब्द कुठे मिळतील?

व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या सुरुवातीच्या ऑपेरांचं इटलीबाहेर काय झालं यावर आमच्या श्रवण मंडळात मला पाऊण तास बोलायचंय, आणि लंडनपाशी येऊन अडकलोय. व्हिएन्नात 1843 ला 'नाबुक्को' झाला, पॅरिसला 1846 मध्ये मूळ नाटकाचा लेखक ह्यूगो याच्या आक्षेपामुळे 'एरनानी'चं नाव बदलून 'इल प्रोस्क्रित्तो' करावं लागलं, इथपर्यंतचं सगळं नीट जुळलंय. पण त्याच वर्षी लंडनला हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये 'नाबुक्को' झाला तो 'नीनो' नावाने, कारण बायबलमधली पात्रं तिथे रंगमंचावर आणता येत नव्हती.

आता 'नाबुक्को'तल्या 'वा, पेन्सिएरो' या ज्यू कैद्यांच्या कोरसमध्ये जॉर्डन नदीचे काठ आणि झायनचे (म्हणजे जेरुसलेमचे) पडलेले बुरूज हे शब्द स्पष्ट आहेत, आणि अख्ख्या गाण्याचा जीव त्या दोन जागांत आहे असं मला मनापासून वाटतं. मग ज्यू लोकच काढले तर कोरस कोणाच्या तोंडी गेला आणि त्या ओळींचं काय केलं?

इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्स दोन्ही चाळलं, 'नीनो' टाकलं की भलतंच येतं, मूळ 'नाबुक्को'चं लिब्रेटो (ऑपेराच्या शब्दांचं पुस्तक) आहे माझ्याकडे त्यामुळे ते नको. इटालियन येत नाही, इंग्रजी भाषांतर शेजारी छापलेलं असेल तर उत्तम, पुण्यात असतो म्हणून स्कॅनच लागेल, थोडे पैसे भरायची तयारी आहे.

1846 चं ते लंडनचं लिब्रेटो कोणी पाहिलंय का, आणि नेमकं कुठल्या लायब्ररीत मागायचं?