क्वार्क इतके कमी मिसळतात आणि न्यूट्रिनो इतके जास्त, असं का?

तिसरी_पिढी: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फ्लेवर फिजिक्स (कणांच्या पिढ्या आणि त्यांचं एकमेकांत मिसळणं) वाचतेय. क्वार्कमध्ये मिसळण्याचे तीन अँगल, त्यातला पहिला, कॅबिबो अँगल, जेमतेम १३ अंश, दुसरा २.४ आणि तिसरा तर ०.२, म्हणजे मिक्सिंग मॅट्रिक्स जवळपास आयडेंटिटीच (काहीच न मिसळणारं) की. न्यूट्रिनोकडे आलं तर ३३-३४, ४५ च्या आसपास आणि ८.५. पिढ्या तीनच, वीक फोर्सही तोच, मग एवढी तफावत कशी? फॅमिली सिमेट्री हे उत्तर असू शकतं असं वाचलं, पण तीन पिढ्या एकमेकींत फिरवता येत असतील तर इलेक्ट्रॉन आणि टाऊचं (त्याच्या तिसऱ्या पिढीतल्या जड भावाचं) वस्तुमान सारखंच नको का? इथंच गाडी अडलीय.

बीटा_क्षय: शंका अगदी बरोबर आहे, सिमेट्री शाबूत असती तर तसंच झालं असतं. ती मोडलेली असते आणि ती *कुठल्या दिशेने* मोडली यातच सगळी गंमत आहे. अप क्वार्कचं मास मॅट्रिक्स (वस्तुमानं ठरवणारा आकड्यांचा तक्ता) डायगोनल करायला एक रोटेशन लागतं, डाऊनला दुसरं, या दोघांतला फरक म्हणजे सीकेएम, क्वार्कचं मिक्सिंग मॅट्रिक्स. दोन्ही रोटेशन सारखी असती तर मिक्सिंग शून्य, मग वस्तुमानं कितीही वेगळी असू देत. लेप्टॉनमध्ये (इलेक्ट्रॉन, टाऊसारखे चार्ज्ड कण आणि न्यूट्रिनो) बहुतेक मॉडेल्स असं धरतात की चार्ज्ड लेप्टॉनकडे सिमेट्री एका दिशेने मोडते आणि न्यूट्रिनोकडे भलत्याच, म्हणून अँगल मोठे.

ध्रुवतारा: क्वार्कसाठी फ्रॉगट-नील्सन (१९७९) नक्की वाच. प्रत्येक पिढीला नव्या यू(१) सिमेट्रीचा (नुसत्या फेजने फिरवणारी साधी सिमेट्री) वेगळा चार्ज द्यायचा, मग मास मॅट्रिक्समधली प्रत्येक जागा ०.२ सारख्या एका छोट्या आकड्याच्या कुठल्यातरी घाताने दबते आणि वस्तुमानांची उतरंड आणि छोटे अँगल दोन्ही एकदम येतात. एक गणित स्वतः करून बघ, डाऊनचं वस्तुमान साधारण ४.७ एमईव्ही, स्ट्रेंजचं ९३, भागाकाराचं वर्गमूळ काढलं की ०.२२ आणि कॅबिबो अँगलचा साइन ०.२२५. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

तिसरी_पिढी: केलं, खरंच जुळतंय! मग फॅमिली सिमेट्रीच्या मॉडेल्समध्ये दिसणारा ए४ ग्रुप कशाला लागतो?

बीटा_क्षय: न्यूट्रिनोसाठी. ए४ म्हणजे टेट्राहेड्रॉन स्वतःवरच बसेल अशी १२ रोटेशन्स, तीन पिढ्या एका ट्रिपलेटमध्ये (एकत्र फिरणाऱ्या त्रिकुटात) बसवता येतील असा सगळ्यात छोटा ग्रुप. मा आणि राजशेखरन यांनी २००१ मध्ये तो न्यूट्रिनोसाठी वापरला, २००२ मध्ये ट्राय-बायमॅक्सिमल पॅटर्न (न्यूट्रिनोच्या अँगलचे ठरावीक आकडे) आला आणि ए४ मधून तो फार सुंदर निघायचा, पण त्यात थीटा-१३ (तू दिलेला ८.५ अंशाचा अँगल) शून्य. २०१२ मध्ये चीनमधल्या दाया बे प्रयोगाने तो मोजला आणि तो शून्य नव्हता, चांगला मोठा निघाला. आता दुरुस्त्या करून मॉडेल्स जगवलीत पण प्रत्येक दुरुस्तीसोबत एखादा नवा पॅरामीटर येतो, आणि मला हेच खटकतं.

ध्रुवतारा: म्हणून अनार्कीवाल्यांचंही (न्यूट्रिनोमागे कुठलीच सिमेट्री नाही म्हणणाऱ्यांचं) ऐकावं. न्यूट्रिनोचं मॅट्रिक्स रँडम घेतलं की मोठे अँगल आपोआप येतात, थीटा-१३ सुद्धा शून्याला चिकटून राहत नाही.

बीटा_क्षय: मान्य, पण रँडममधून दोन अँगलमधलं *नातं* निघत नाही. सिमेट्रीवाली मॉडेल्स सीपी फेज (कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातला फरक ठरवणारा आकडा) आणि अँगल एका समीकरणात बांधतात, त्यामुळे जुनो प्रयोगाने थीटा-१२ (३३-३४ अंशाचा) आणखी नेमका केला आणि ड्यून, हायपर-कामिओकांडे या प्रयोगांनी फेज मोजला की बरीचशी मॉडेल्स सरळ बाद होतील. प्रोजेक्टसाठी त्यातलं एखादं समीकरण घे आणि आजचे आकडे टाकून बघ.