जॉन डीन ‘माफीचा साक्षीदार’ होता का?

दप्तरी: डीन अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन याचा कायदा सल्लागार. १९७३च्या जूनमध्ये सेनेट समितीपुढे २४५ पानी निवेदन वाचून त्याने वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीची, झाकपाक उघडी पाडली. संरक्षण मिळालं होतं, तरी तो तुरुंगात कसा गेला? आणि एवढं सांगितल्यावर टेप कशाला लागल्या?

कलमबहाद्दर: माफीचा साक्षीदार नव्हे. आपल्याकडे अशा साक्षीदाराला गुन्ह्याचीच माफी मिळते, अर्थात सगळं खरं सांगितलं तर. डीनला मिळालेलं संरक्षण फक्त शब्दांपुरतं होतं: समितीपुढचं बोलणं आणि त्यातून लागलेला माग त्याच्याविरुद्ध वापरायचा नाही. आधीच हाती असलेल्या पुराव्यावर खटला भरायला आडकाठी नव्हती. म्हणून सरकारी वकिलांनी साक्षीआधीच तो पुरावा सीलबंद करून ठेवला. १९ ऑक्टोबर १९७३ला डीनने गुन्हा कबूल केला. शिक्षा १ ते ४ वर्षं, प्रत्यक्षात भोगली सुमारे चार महिने.

ही काळजी नुसती कागदी नव्हे. इराणला चोरून शस्त्रं विकून निकाराग्वातल्या बंडखोरांना पैसे पुरवल्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात व्हाइट हाऊसचा अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ याची संरक्षित साक्ष टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती, खटल्यातल्या साक्षीदारांनीसुद्धा. त्यांच्या जबानीवर तिचा परिणाम झाला नाही, हे सिद्ध होईना. १९९०मध्ये अपिलात शिक्षा कोसळली.

रीळवाला: टेपचं सांगतो. तोवर डीनचा शब्द विरुद्ध अध्यक्षांचा शब्द, एवढंच होतं. त्यात स्मरणशक्तीही दगा देते. घुसखोरांना गप्प बसवायच्या पैशांसाठी निक्सनचा खाजगी वकील कामबाक याला मेफ्लॉवर हॉटेलात भेटलो, असं डीन म्हणाला. कामबाक उतरला होता स्टॅटलर हिल्टनमध्ये. तिथल्या कॉफी शॉपचं नाव मेफ्लॉवर! उलटतपासणीत अशाच फटी शोधतात.

१६ जुलैला निक्सनचा माजी सहायक बटरफील्ड याने व्हाइट हाऊसमधली ध्वनिमुद्रणाची यंत्रणा उघड केली. ओव्हल ऑफिसात, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयात, आवाज झाला की रेकॉर्डर आपोआप सुरू. पण रीळ संपलं की पुढचं गेलं. १५ एप्रिलच्या संध्याकाळी निक्सन खुर्चीतून उठून कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलला, तेव्हाच डीनला रेकॉर्डिंगचा संशय आला होता. नेमकी तीच भेट टेपवर नाही. व्हाइट हाऊसचं म्हणणं, रीळ संपलं होतं.

कलमबहाद्दर: एक भर. घुसखोरांना गप्प बसवायला लागणाऱ्या दहा लाख डॉलरची चर्चा डीनने १३ मार्चची सांगितली, टेपवर ती २१ मार्चला निघाली. तारीख चुकली, मजकूर खरा. मात्र निक्सनला बुडवलं ते २३ जून १९७२च्या टेपने. गुप्तहेर संस्था सीआयएकरवी तपास यंत्रणा एफबीआयचा तपास थांबवायचा बेत त्यात होता, आणि त्या बैठकीत डीन नव्हताच. २४ जुलै १९७४ला सर्वोच्च न्यायालयाने ८-० असा निकाल दिल्यावर ती द्यावी लागली. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार.