अवयव बर्फात न्यावा की यंत्रावर जागता ठेवावा?

रातकिडा
दात्याचं यकृत काढायचं, खास द्रावणाने धुवायचं, बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि घड्याळाकडे बघत पळायचं. कित्येक दशकं हेच चालू आहे. गारव्यात पेशींचं काम मंदावतं, पण थांबत नाही. ऑक्सिजन नसतो, शिलकीतली ऊर्जा संपत जाते, सक्सिनेट नावाचं रसायन साचतं. रुग्णाच्या अंगात रक्त पुन्हा वाहू लागलं की त्या साचलेल्या सक्सिनेटमधून ऑक्सिजनच्या घातक रेणूंचा भडका उडतो.

याला पर्याय म्हणजे यंत्रावरचं गरम परफ्यूजन, म्हणजे अवयवातून द्रावण सतत फिरवत ठेवणं. त्यात यकृताला पंपाने ३७ अंशांचं द्रावण पुरवतात. द्रावणात तांबड्या पेशी, ऑक्सिजन, रक्त गोठू न देणारं हेपारिन, इन्सुलिन, पोषण असं सगळं असतं. (‘गरम’ कसलं, अंगाइतकंच कोमट.) तिथे यकृत पित्त तयार करतं, लॅक्टेट (पेशींच्या कामातून साचणारा पदार्थ) निपटतं, म्हणजे ते चालतंय की नाही हे दिसतं.

माझ्या मते हे यंत्र टिकवण्यापेक्षा पारखण्यासाठी जास्त मोलाचं आहे. बर्फातलं यकृत मुकं. रंग बघा, बोटाने दाबा, दात्याचं वय विचारा आणि अंदाज बांधा. बर्मिंगहॅमच्या २०२० च्या अभ्यासात इतरांनी नाकारलेली ३१ यकृतं यंत्रावर चढवली. २२ कसोटीला उतरली, ती रुग्णांना बसवली, आणि ९० दिवसांनी ते सगळे रुग्ण जिवंत होते. बर्फपेटीच्या जमान्यात ही २२ च्या २२ यकृतं वाया गेली असती.

थंडा मामला
असहमत. २०१८ ची युरोपातली चाचणी घ्या, २२० प्रत्यारोपणांची. यंत्रावरच्या यकृतांची इजा निम्म्यावर आली म्हणतात, पण ती दुखावलेल्या यकृतातून रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमच्या आकड्यावरून मोजलेली. रुग्ण किती जगले यात लक्षणीय फरक नव्हता. माणूस एन्झाइमवर जगत नाही.

आणि बर्फ बंद पडत नाही हो! पंप बंद पडतो, नळी मुडपते, ३७ अंशांवर जंतूही खुशीत वाढतात. बर्फपेटी कुणीही उचलून नेतं, यंत्राशेजारी मात्र रात्रभर जाणकार माणूस बसवावा लागतो.

मूत्रपिंडाचं तर विचारूच नका. ब्रिटनमधल्या चाचणीत (२०२३) प्रत्यारोपणाआधी तासभर गरम परफ्यूजन केलं. नंतरच्या आठवड्यात डायलिसिस लागलेले रुग्ण यंत्राच्या गटात ६०.७ टक्के, नुसत्या बर्फाच्या गटात ५८.३. झालं समाधान?

रातकिडा
मूत्रपिंडाचं मान्य. तासाभरात काय होणार, हा माझा प्रश्न आहेच, पण आकडा आकडा आहे.

यकृताच्या चाचणीतला अर्धा भाग मात्र तुम्ही गाळलात. यंत्राच्या गटात टाकून दिलेली यकृतं निम्मी होती आणि यकृत बाहेर राहण्याचा काळ सरासरी ५४ टक्क्यांनी जास्त. म्हणजे जास्त यकृतं वापरली, जास्त वेळ बाहेर ठेवली, तरी रुग्ण तेवढेच जगले. प्रतीक्षायादीत असलेल्याला विचारा, याला फरक म्हणायचं की नाही.

पित्तप्रकोप
दोघेही पित्तनलिका विसरलात. बर्मिंगहॅमच्या त्याच २२ जणांपैकी ४ जणांच्या पित्तनलिका नंतर अरुंद झाल्या आणि पुन्हा प्रत्यारोपण करावं लागलं. ९० दिवसांचा हिशोब सांगणाऱ्यांनी पुढचंही सांगावं.

उलट नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेली २०२१ ची चाचणी बघा. हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांची यकृतं, प्रत्यारोपणाआधी किमान दोन तास *गार* पण ऑक्सिजनयुक्त परफ्यूजन. पित्तनलिकांचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ वर आला. गारव्यातच ऑक्सिजन मिळाला की पेशी सक्सिनेट सावकाश निपटतात, मग भडका उडत नाही. तुम्ही तापमानावरून भांडताय, मुद्दा ऑक्सिजनचा आहे.

रातकिडा
आकडा बिनतोड, आणि ४ जणांचं मी सांगायला हवं होतं. पण गारठलेलं यकृत पित्त करत नाही, मग पारख कशाने करणार?

पित्तप्रकोप
आधी गार, मग हळूहळू तापवत ३७ पर्यंत. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला हेच करतात.

शंकासुर
यंत्राची गोष्ट ठीक, पण आता दात्याच्या शरीरातच गरम रक्त पुन्हा फिरवतात, त्याचं काय? रक्ताभिसरण कायमचं थांबलं म्हणून मृत्यू जाहीर करायचा, मग पंपाने तेच सुरू करायचं, आणि मेंदूकडे रक्त जाऊ नये म्हणून धमन्यांना चिमटे लावायचे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२१ मध्ये हे तूर्त थांबवा असं म्हटलं, ते उगाच नाही.

थंडा मामला
विषयांतर.

शंकासुर
विषयांतर कसं? गरम परफ्यूजनच आहे ते, फक्त पेटीऐवजी माणसात. सिडनीत २०१४ मध्ये थांबलेली हृदयं बाहेर काढून यंत्रावर सुरू केली, तिथे ही अडचण आली नाही. म्हणून मी बाहेरच्या यंत्राच्या बाजूने आणि आतल्या पंपाच्या विरोधात.

थंडा मामला
बरं, माझी तडजोड: चांगल्या अवयवाला बर्फ, संशयास्पदाला यंत्र.

रातकिडा
संशयास्पद कुठला, हे यंत्राआधी कोण ठरवणार? तीच बोटं ना?

थंडा मामला
बोटं, बायोप्सी, दात्याचे रिपोर्ट. इतकीही आंधळी नाहीत ती. बाकी उद्या, रात्रपाळी आहे.