‘पास आउट’ झालो म्हणणे चूक आहे का?

मूळ पोस्ट: ‘आय पास्ड आउट इन २००८’ असे लिहिणारा माणूस पदवी मिळाली असे नव्हे, तर शुद्ध हरपली असे सांगत असतो. शिकलेल्यांना याची लाज वाटली पाहिजे.

खडकवासलेकर: ‘लाज’ हा शब्द वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. आमच्या शेजारच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा जे दीक्षान्त संचलन होते, त्याचे इंग्रजी नावच ‘पासिंग आउट परेड’ आहे, आणि लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणे हा अर्थ ब्रिटिश कोशांतही दिलेला असतो. आपण तो कॉलेजपर्यंत नेला, कारण मराठीतही आपण ‘इंजिनिअरिंगमधून बाहेर पडलो’ असेच म्हणतो.

इंग्रजीची शिक्षिका: लष्करी अर्थ मूळ पोस्टमध्ये यायला हवा होता, हे मान्य. तरीही अमेरिकेतल्या वाचकाच्या मनात आधी बेशुद्धीच येते, म्हणून परदेशी अर्जात ‘ग्रॅज्युएट’ हेच क्रियापद वापरावे, असे मी मुलांना सांगते.

मराठी माध्यमवाला: प्रश्न क्रियापदाचा नाहीच. माझ्या पहिल्या मुलाखतीत याच दोन शब्दांवर समोरचे तिघे हसले आणि माझ्या प्रकल्पाबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाने इंग्रजी ऐकून उचलले, तर त्याची परीक्षा अशी घ्यायची का?

इंग्रजीची शिक्षिका: हसणारे चुकले. पण त्यांच्या उद्धटपणाचे खापर चूक दाखवणाऱ्या शिक्षकांवर फोडू नका. तुम्हाला कोणी आधीच सांगितले असते, तर त्या खोलीत तुमची मान खाली गेली नसती.

मराठी माध्यमवाला: आमच्या शाळेत सांगणार कोण होते? इंग्रजीचा तास भूगोलाचे सर घेत, आणि तेही स्वतःबद्दल ‘पास आउट’ असेच म्हणत. ‘चूक’ हा शब्द तुम्ही मागे घ्या, मगच पुढे बोलू.

खडकवासलेकर: भारतात कोट्यवधी लोक जो अर्थ बोलतात आणि समजतात, त्याला चूक म्हणता येणार नाही.

इंग्रजीची शिक्षिका: ठीक आहे, ‘चूक’ मागे घेते आणि ‘भारतीय वापर’ म्हणते. परदेशी अर्जातले ‘पास्ड आउट’ मात्र मी यापुढेही खोडणार.

मराठी माध्यमवाला: अर्जात खोडा. मुलाखतीत हसू नका.