टेप ड्राइव्ह ० ते ६ सगळ्या आयडींवर दिसतोय, काय चुकतंय?

शाईमाखला
नमस्कार मंडळी. आमचा छापखाना वडिलांच्या काळातला. १९९९ ते २००४ च्या दिवाळी अंकांची पानं डीडीएस-३ च्या (संगणकाचा बॅकअप घ्यायच्या छोट्या टेपांच्या) अकरा कॅसेटींवर आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मूळ सर्व्हर कधीच भंगारात गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ५० पिनांचा जुना ड्राइव्ह आणि तो संगणकाला जोडायचं स्कझी कार्ड आणलं, पेंटियम फोर माळ्यावर होताच. आता कार्ड सुरुवातीला जी यादी दाखवतं त्यात हा एकच ड्राइव्ह सात वेळा! लिनक्स तर तिथेच अडकून बसतं. ड्राइव्हच्या मागे आयडीच्या, म्हणजे त्याचा नंबर ठरवणाऱ्या, तीन पिनजोड्या आहेत, तिन्हींवर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या टोप्या) लावलेत. हार्ड डिस्कच्या मास्टर-स्लेव्हसारखं काही असेल असं वाटलं. कॅसेट अजून घातलेली नाही, धीर होत नाही.

ईडीपीवाले काका
घातली नाहीत ते उत्तम. त्या तीन पिनजोड्या म्हणजे १, २ आणि ४. तिन्ही लावल्या की बेरीज ७, आणि ७ हा कार्डाचा स्वतःचा नंबर. म्हणून कार्ड कुठलाही नंबर पुकारो, तुमचा ड्राइव्ह 'हजर' म्हणतो. फक्त ४ चा जंपर ठेवा, बाकीचे काढा.

आता केबल. टर्मिनेटर, म्हणजे टोकाला पोचलेला सिग्नल मागे उसळू न देणारा भाग, बसच्या (कार्ड, केबल, ड्राइव्ह या साखळीच्या) दोन्ही टोकांना हवा, मध्ये कुठेही नको. एका टोकाला कार्ड आहे, त्याचं टर्मिनेशन कंट्रोल-ए दाबून सेटिंगमध्ये चालू आहे ना बघा. दुसऱ्या टोकाला, म्हणजे केबलच्या अगदी शेवटच्या कनेक्टरला, ड्राइव्ह, त्याचंही टर्मिनेशन चालू. 'टर्म पॉवर' लिहिलेला जंपर म्हणजे टर्मिनेटर नव्हे, तो टर्मिनेटरला फक्त वीज पुरवतो. यात भलेभले फसतात.

हे एवढं सांगतोय कारण आम्ही साखर कारखान्यात यापायी एक अख्खा गळीत हंगाम घालवला. दर शनिवारी ऊसबिलांचा बॅकअप काढून टेप डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची, हे माझं काम. ड्राइव्ह दिसायचा, छोट्या फाइली मुकाट जायच्या, मोठा बॅकअप मात्र अर्ध्यात तुटायचा. टेपा बदलल्या, क्लीनिंग कॅसेट फिरवली, इंजिनिअर दोनदा येऊन चहा पिऊन गेला. केबल ड्राइव्हच्या पुढे वीतभर मोकळी लोंबत होती, बस्स. ड्राइव्ह शेवटच्या कनेक्टरला लावला आणि त्या रात्री बॅकअप पहिल्यांदा पुरा झाला.

कॅसेट घालण्याआधी तिच्या कडेची छोटी खिडकी सरकवून उघडी करा. उघडी म्हणजे लिहायला बंदी. आणि पहिली कॅसेट तुमची नको, कुठलीतरी टाकाऊ घाला.

जुनंसामान
यात माझंही एक घुसडतो. माझ्याकडे ६८ पिनांचा एलटीओ (नंतरच्या, मोठ्या टेपांचा) ड्राइव्ह आहे, एलव्हीडी, म्हणजे स्कझीच्या नव्या, वेगवान प्रकारचा. तो अशाच ५० पिनी कार्डावर चालेल का?

ईडीपीवाले काका
बहुतेक एलव्हीडी ड्राइव्ह साध्या बसवर जुळवून घेतात, अडॅप्टर लावून चालेलही. पण वेग पार बसेल आणि एलटीओला तेवढ्या वेगानं डेटा मिळाला नाही की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. टेपही झिजते, हेडही. वेगळं एलव्हीडी कार्ड घ्या. आणि कनेक्टरजवळ नुसतं 'डिफ' लिहिलेला जुना एचव्हीडी (जास्त व्होल्टेजवर चालणारा) ड्राइव्ह दिसला तर तो या कार्डाला लावूच नका, जळण्याची भीती असते.

शाईमाखला
काका, आयडी ४ वर एकदाच दिसला! टाकाऊ कॅसेट नीट चालली. मग आमची घातली. टारनं (लिनक्सच्या बॅकअप वाचायच्या कमांडनं) वाचायला गेलो तर 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. दोन जीबी रॅम आहे हो!

ईडीपीवाले काका
रॅमचा संबंध नाही. टेपवरचा ब्लॉक (एका दमात लिहिलेला डेटाचा तुकडा) तुम्ही मागितलेल्या मापापेक्षा मोठा आहे. एमटी या टेपच्या कमांडच्या सेटब्लॉकला ० द्या, म्हणजे ब्लॉकचं माप ठरलेलं राहणार नाही, टेप गुंडाळून पहिल्या टोकाला न्या आणि डीडी या कॉपी करायच्या कमांडनं ६४ किलोबाइटचा एकच ब्लॉक फाइलमध्ये उतरवा. त्याची पहिली चार अक्षरं काय आहेत?

शाईमाखला
टी, ए, पी, ई.

ईडीपीवाले काका
मग टारचा नाद सोडा. तो मायक्रोसॉफ्टचा टेप फॉरमॅट आहे, बहुधा विंडोजच्या एनटी बॅकअप या प्रोग्रामनं लिहिलेला. त्याच मशीनवर विंडोज २००० टाका, बॅकअप त्यातच येतो. टेप अनोळखी वाटली की 'फ्री' करू का, म्हणजे रिकामी समजून वापरायला मोकळी करू का, असं विचारेल. नाही म्हणा. टेप इंपोर्ट करा, आधी कॅटलॉग (टेपवरच्या फाइलींची यादी) करू द्या. वेळ लागतो, मध्ये हात लावू नका.

शाईमाखला
चार दिवसांनी लिहितोय. अकरापैकी नऊ उतरल्या. एकीला बुरशी होती, ती घातलीच नाही. एक मध्येच थांबते. २००१ चा दिवाळी अंक पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये उघडला आणि बाबांना हाक मारली, तर मुखपृष्ठावर अंकाच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं! तेव्हाचे फॉन्ट टेपवर नाहीत. कुणाकडे असतील?

ईडीपीवाले काका
त्यासाठी नवा धागा काढा. आणि बुरशीवाली फेकू नका.