बाळंतपणानंतरची मनाची अवस्था स्त्रीरोगतज्ज्ञांना कशी सांगावी?

प्रश्न – सातारची_लेक

माझे हे पहिलेच बाळंतपण असून सध्या मी माहेरी आहे. बाळ सुदृढ आहे, दूध पुरेसे येते, टाकेही भरून आले आहेत. मात्र सव्वा महिना उलटला तरी संध्याकाळ झाली की कारण नसताना रडू येते, बाळ झोपलेले असतानाही मला झोप लागत नाही, आणि त्याला जवळ घेतल्यावर जी माया दाटून येते असे सगळ्याजणी सांगतात ती मला जाणवत नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. डॉक्टर मनाने चांगल्या आहेत, परंतु बाहेर मोठी रांग असते आणि आई व सासूबाई दोघीही माझ्याबरोबर आत येतात. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगण्यासारखे आहे, की थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे? आणि औषध सुरू झाले तर बाळाला अंगावर पाजणे बंद करावे लागेल का?

उत्तर – दोन_मुलांची_आई

ताई, त्यांनाच सांगा आणि खुर्चीत बसल्याबरोबर सांगा. टाके, दूध, बाळाचे वजन हे सारे झाल्यावर शेवटी काढलेला विषय पुढच्या रुग्णाला हाक मारण्याच्या गडबडीत राहून जातो. शिवाय ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच म्हटले, तर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्याऐवजी तुम्ही इथे लिहिले आहे तेच, किती आठवड्यांपासून होत आहे यासह, एका कागदावर लिहून न्या. बोलताना गळा दाटून आला, तर तो कागद पुढे करा.

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, पुणे

हा विषय आमच्या कामाचाच भाग आहे, तेव्हा ‘या डॉक्टरांना हे कसे सांगू’ असा संकोच कृपया बाळगू नका. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू होणारे रडू आणि हळवेपणा बहुसंख्य स्त्रियांमध्ये दिसतो व साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यापुढेही टिकून राहिलेली उदासी ही उपचार करण्याजोगी अवस्था असू शकते. ती दुर्मिळ नाही: गोव्यात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसूतीनंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याबद्दलची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला होता. यात बाईच्या मायेत काही कमी आहे असे मुळीच नाही.

सांगितल्यावर काय होते, तेही लिहिते. एडिंबरा प्रश्नावली नावाची 10 प्रश्नांची एक साधी चाचणी 1987 पासून वापरात आहे. तिच्यात मागच्या 7 दिवसांतील मनःस्थिती विचारतात आणि ती भरायला काही मिनिटेच लागतात. तिच्यातील शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर आम्ही ते तातडीचे समजतो, म्हणून त्याचे उत्तर खरेच द्यावे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही सांगितली जाईल, कारण रक्तक्षयाने थकवा येतो आणि प्रसूतीनंतर थायरॉइडचे काम बिघडल्यास मनःस्थितीवरही परिणाम होतो. गरजेप्रमाणे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली जाते.

औषध लागेलच असे नाही. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि घरच्यांचा आधार यांवरही बरे वाटते. औषध द्यावे लागलेच, तर सर्ट्रालीनसारखी औषधे स्तनपान चालू असताना दिली जातात, कारण दुधातून बाळाला मिळणारी त्यांची मात्रा फार थोडी असते. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

आई आणि सासूबाईंविषयी: तपासणीच्या टेबलावर जाताना सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगणे आम्हाला सहज जमते. आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून ‘मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे’ एवढा निरोप ठेवा.

एक गोष्ट मात्र तपासणीच्या तारखेपर्यंत थांबवू नये. झोप अजिबात नसूनही थकवा न वाटणे, भलतेसलते संशय येणे, आवाज ऐकू येणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, यांपैकी काहीही असेल तर घरच्यांना लगेच सांगा, एकट्या राहू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. हजारात 1 ते 2 प्रसूतींनंतर भानावर न राहण्याइतका गंभीर आजार होतो, आणि वेळेवर उपचार मिळाल्यास त्यातून स्त्रिया बऱ्या होतात.

उत्तर – कोल्हापूरकर

माझ्या बहिणीने धीर करून सांगितले, तेव्हा तिला ‘असे सगळ्यांनाच होते’ म्हणून परत पाठवले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. तसे झाले तर तिथेच ‘मग मला मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी द्या’ असे स्पष्ट म्हणावे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतून बोलता येते.

सातारची_लेक

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. तसे टोकाचे विचार येत नाहीत, तरी आईला आज रात्रीच सांगणार आहे आणि उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून तपासणी अलीकडे घेता येते का ते विचारणार आहे. गरोदरपणात मला थायरॉइडची गोळी होती, ती प्रसूतीनंतर बंद केली गेली. हेही सांगावे का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, पुणे

अवश्य सांगा. गरोदरपणातील थायरॉइडचे सर्व रिपोर्ट आणि गोळीची मात्रा लिहिलेली फाईल सोबत न्या.